खिंडीतला दिवा

गाडी धुणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण गाडी घासणारा माणूस राधानगरीच्या त्या पट्ट्यात एकच होता, आणि तो म्हणजे बाबासो. धुणं आणि घासणं यांत काय फरक असतो हे ज्याला कळत नाही, त्याने त्याच्या घरची मांडणी पाहायला हवी होती. घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण, आणि आत शिरलं की समोरच पितळेची भांडी अशी झळझळत असायची, की आलेला पाहुणा पाणी पिण्याआधी तांब्यात आपला चेहरा बघून घ्यायचा. केस विस्कटलेले असले तर तिथेच सारखेही करायचा.

हे घासण्याचं वेड बाबासोकडे त्याच्या आईकडून, चिमणाबाईकडून आलेलं. बौद्ध झाल्यावर त्या घराने एक गोष्ट मनाशी पक्की बांधली होती, की आता कुणाला बोट दाखवायला जागा म्हणून ठेवायची नाही. कपडा फाटका असेल, पण मळका असणार नाही. भांडं जुनं असेल, पण काळं असणार नाही. चिमणाबाई भाताच्या तुसाची राख फडक्यातून गाळून डब्यात भरून ठेवायची आणि नारळाच्या शेंडीने भांडी अशी रगडायची, की शेजारणी म्हणायच्या, "चिमणे, भांड्याला भोक पडंल की." भोक कधी पडलं नाही. ती गेली, पण राखेचा डबा चुलीशेजारी तसाच राहिला, आणि तो रिकामा न होऊ देण्याचं काम सून मीनाबाईने चालू ठेवलं.

नव्वदच्या सुमाराला बाबासो एका दूध ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला. ट्रक म्हणजे नुसता सांगाडा होता. दार दोरीने बांधलेलं, हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजणारा. बाबासोने पहिल्याच आठवड्यात घरून डबाभर राख नेली आणि ट्रकचे ते दोन गोल काचेचे दिवे घासून काढले. ट्रक तसाच खिळखिळा राहिला, पण दिवे असे उजळले, की समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर शिवी हासडून डोळ्यांवर हात धरायचा. खंडेनवमीला ठेकेदाराच्या अंगणात सगळ्या गाड्या पूजेला ओळीने उभ्या राहायच्या. पूजा ठेकेदार करायचा, आणि लोक झेंडूचे हार बघायचे सोडून बाबासोच्या गाडीचे दिवे बघायचे. बाबासो लांब बिडी ओढत उभा असायचा आणि आपल्याला त्यातलं काही ठाऊकच नाही असा चेहरा करायचा. तो चेहरा त्याला अजिबात जमत नसे.

पुढे ठेकेदाराने धंदा आवरता घेतला, तेव्हा बाबासोने कोल्हापुरातून स्वतःची पिकअप आणली. जुनी होती, निळी होती, आणि तिचा आधीचा मालक फार हौशी होता. त्याने मूळचे दिवे काढून, समोरचा पत्रा कापून, तिथे नव्या तऱ्हेचे तिरपे मोठे दिवे बसवून घेतले होते. बाबासोने गाडी घेतली ती खरं तर त्या दिव्यांकडे बघून. गाडीच्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतलं आणि गाडी गावात आणली. घर पहिल्या गल्लीत असताना त्याने सगळ्या गावाला वळसा घातला, आणि कुणी आंघोळीला गेलं असेल म्हणून आणखी एक घातला.

ज्या वाड्यांमध्ये त्याच्या आज्याला दाराबाहेर उभं करून वरून पाणी ओतलं जायचं, त्या वाड्यांचं सकाळचं दूध आता त्याच्या गाडीत भरलं जाऊ लागलं. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. गाडी चालवताना तो बसायचाच असा ताठ, की बघणाऱ्याला सगळं कळायचं.

त्यातही वरची वाडी त्याच्या खास मर्जीतली. धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगराच्या कुशीत ती वाडी. रस्ता आधी एका खिंडीत चढायचा आणि मग पाण्याला लांबलचक वळसा घालून वाडीत उतरायचा. त्यामुळे गाडी खिंडीत आली, की तिचा उजेड पाण्यावरून थेट वाडीच्या दारात पडायचा. वाडीतल्या बायकांनी त्यावरून आपली रीत बसवली होती. पहाटे धार काढून झाली की कॅन उंबऱ्यात ठेवायचे आणि आत चुलीपाशी बसायचं. सगळ्यांत वडील शालूबाई. ती दारातून खिंडीकडे नजर लावून असायची. उजेड दिसला की ती हाक द्यायची, "दिवा लागला गं," आणि मग कॅन घेऊन सगळ्या जांभळाच्या झाडाखाली उतरायच्या. गाडीही तेवढ्यातच तिथे पोचायची. थंडीत कुणाला ताटकळत राहावं लागत नसे. बाबासोला या गोष्टीचा एवढा अभिमान, की "त्या वाडीचं घड्याळ म्हंजे मी" हे वाक्य तो घरात सारखं म्हणायचा. शेवटी तो तोंड उघडायच्या आधीच मीनाबाई ते म्हणून टाकायला लागली.

आणि म्हणूनच दर रविवारी दुपारी तो दिव्यांपुढे बसायचा. गाळलेली राख, नारळाची शेंडी, बादलीभर पाणी. दोन्ही दिवे मनसोक्त रगडायचे, वर पाणी ओतायचं, आणि ओल्या दिव्यात आपलं तोंड दिसलं की समाधानाने जेवायला जायचं. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

बाबासोची पन्नाशी उलटली आणि रस्ता हळूहळू जवळ यायला लागला. आधी त्याला वळणापलीकडचा दगडसुद्धा दिसायचा, मग वळणच तेवढं दिसायला लागलं, आणि पुढे पुढे अंधारात आपल्याच गाडीच्या नाकापुढे काय आहे याचा अंदाज बांधत तो गाडी हाकू लागला. दिवसा सगळं लख्ख दिसायचं, अंधार पडला की डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं व्हायचं. त्याने बल्ब बदलून बघितले, वायरी तपासल्या. धुक्याला दोष दिला. आणि आपल्या स्वभावाला धरून दिवे आणखी जोर लावून घासायला सुरुवात केली.

वरच्या वाडीत शालूबाईने एकदा त्याला थांबवलं. "बाबासो, तुजा दिवा दिसंना झालाय रं खिंडीत. बायका गारठ्यात उभ्या ऱ्हात्यात."

"मावशी, तुजंबी वय झालं आन् माजंबी," बाबासो म्हणाला. "एकदा जोडीनं जाऊन डोळं दावून येऊ."

बायका हसल्या, तोही हसला. परतीच्या वाटेवर मात्र तो हसला नाही. डोळे गेले तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर बाबासो म्हणजे कोण, याचं उत्तर त्याला सापडेना. ही गोष्ट त्याने मीनाबाईलाही सांगितली नाही.

ती न सांगताच बाहेर आली. मार्गशीर्षातल्या एका धुक्याच्या पहाटे, भरलेले कॅन घेऊन वाडीतून येताना, मोरीच्या वळणावर गाडी कठड्याला घासत गेली. डावं दार आत गेलं, कॅन आडवे झाले आणि वाडीची सगळी सकाळ ओघळीतून वाहून गेली. बाबासोला खरचटलंसुद्धा नाही. तो उतरून कठड्यापाशी गेला, दगडावर लागलेला आपल्या गाडीचा निळा रंग त्याने बोटाने चाचपला, आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला.

मुलगी दीप्ती कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स होती. बापाचाच हट्टी स्वभाव तिने उचललेला. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली आणि त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नीट तपासलं. लांबचं ठीक दिसतंय म्हणाले, वाचायला चष्मा दिला, आणि अंधारात काय होतं ते बघायला आणखी एकदा यावं लागेल असं सांगितलं. दीप्तीला 'अंधारात' एवढाच शब्द पुरला. घरी आल्यावर तिने हात पुढे केला.

"पप्पा, किल्ली द्या."

"डाक्टर म्हणालेत ठीक हाय."

"दिवसा ठीक आहे. तुम्ही जाताय पहाटे. परत मोरी आडवी आली तर मी काय करायचं? किल्ली द्या."

बाबासोने तिच्याकडे पाहिलं. ती आलेलं रडू दाबून उभी आहे, हे त्याच्या त्या बिघडलेल्या डोळ्यांनासुद्धा दिसलं. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

गाडीवर त्याच्या बहिणीचा मुलगा गुंडू आला. हा कोल्हापुरात टेम्पो चालवायचा, तिशीचा गडी, आणि त्याची नजर म्हणजे झाडावरचं पिकलेलं जांभूळ रस्त्यावरून ओळखणारी. इकडे घरात मीनाबाईने नवऱ्याच्या डोळ्यांसाठी गाजरं आणि शेवग्याचा पाला यांचा सपाटा लावला. बाबासो मुकाट्याने खायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढ्यात आलेलं ताट न बोलता संपवत होता, आणि याचीच मीनाबाईला जास्त काळजी वाटत होती.

गुंडूला वाड्यांची वाट ठाऊक नव्हती. म्हणून पहिल्या फेरीला बाबासो शेजारी बसून निघाला. गाव सुटलं, चढ लागला, धुकं दाटलं, आणि गुंडू स्टेअरिंगवर असा वाकला, की त्याचं नाक काचेला टेकलं.

"मामा, रस्ता कुठं हाय?"

"तुज्या म्होरं हाय की."

"न्हाय दिसत."

"न्हाय दिसत म्हंजे?"

"म्हंजे कायबी दिसंना." गुंडूने गाडीच उभी केली. "मामा, खरं सांगा, ही गाडी तुमी इतकं दिस चालीवली कशी?"

बाबासो दार उघडून खाली उतरला, गाडीच्या पुढे गेला आणि पेटलेल्या दिव्यांसमोर उभा राहिला. आत बल्ब चांगला जळत होता, पण उजेड बाहेर पडतच नव्हता. ताकाच्या पेल्यामागे दिवा धरावा तसा तो आतल्या आत पसरून राहिला होता. बाबासोने कोरड्या दिव्यावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागला. बोटाला थुंकी लावून तीच जागा ओली केली, आणि ओलं झालं तेवढ्यापुरतं एक नितळ भोक पडलं, त्यातून उजेडाची एक काडी बाहेर आली. घासून पाणी ओतल्यावर दर रविवारी त्याला दिसायचं ते हेच. दिवे वाळेपर्यंत तो कधी थांबलाच नव्हता.

"गुंडू," तो आत बघून ओरडला, "माजं डोळं गेल्यालं न्हाईत रं."

गुंडूला मामा रडतोय की हसतोय हे कळलं नाही. ते धुक्यात दिसतही नव्हतं.

ती फेरी दोघांनी बॅटरी दाखवत दाखवत पुरी केली, आणि त्याच दिवशी उजेडी बाबासो स्वतः गाडी घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरात गेला. तिथे नागाप्पा नावाचा गाड्या रंगवणारा कारागीर होता, मूळचा गडहिंग्लजच्या पलीकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. नागाप्पाने दिव्यावर नख फिरवलं आणि मान तिरकी केली.

"अण्णा, ह्येला कशानं घासतासा तुमी?"

"राखेनं," बाबासोने छाती पुढे काढून सांगितलं. "तुसाच्या. गाळून घेतो. आईपासनं रीत हाय आमची."

नागाप्पा हातातलं फडकं ठेवून शांतपणे म्हणाला, "ही काच न्हवं अण्णा. प्लास्टिक हाय."

बाबासोने आधी दिव्याकडे पाहिलं, मग नागाप्पाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ट्रकचे दिवे काचेचे होते, त्यांना राख मानवली. या दिव्यांना तो इतकी वर्षं मायेने ओरबाडत होता. जितकं दिसेना तितकं जास्त घासत होता, आणि जितकं घासत होता तितकं दिसेनासं होत होतं.

"ऊन बी खातंय बघा ह्येला," नागाप्पा त्याला धीर द्यायला म्हणाला, "खरं उन्हाला येवढी घाई नसत्या."

नवे दिवे मिळाले असते, पण असले हौशी दिवे पुण्याहून मागवावे लागणार आणि कापलेल्या पत्र्यात ते बसतील याची खात्री नव्हती. नागाप्पाच्या मते हेच दिवे परत नितळ होण्यासारखे होते. "गाडी ठेवा, सांजच्याला घेऊन जावा," तो म्हणाला.

"गाडी ठेवत न्हाय," बाबासो म्हणाला. "माज्या हातानं गेलंय, तवा माज्याच हातानं येऊ दे. तू नुसतं सांग कसं करायचं."

गिऱ्हाइकाने कामात हात घालणं नागाप्पाला आवडत नसे. पण या माणसाच्या तोंडावर असं काही होतं, की त्याने मुकाट्याने पॉलिश पेपर काढून दिले. जाड आधी, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाणी सतत सोडत राहायचं. एका पेपरचे ओरखडे पुरते निघाल्याशिवाय पुढचा धरायचा नाही. "आन् एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला, "पयल्यांदा आणखीन पांढरं व्हतंय. तवा भिऊन सोडलासा तर गेला दिवा."

घरी बाबासो उजव्या दिव्याला बसला. मीनाबाई डाव्या दिव्यापुढे पाट घेऊन आली.

"तुला कुणी बोलीवलं?"

"राख कोण गाळत हुतं इतकी वर्सं?" ती म्हणाली. "निम्मं पाप माजं हाय. सरका."

नागाप्पाने सांगितलं तसंच झालं. पहिल्या पेपराने दिवे चुना फासल्यासारखे पांढरे पडले. मीनाबाईचा हात थांबला. "अवो, ह्ये पार गेलं की."

"दम धर. गेल्याबिगर यायचं न्हाय." त्याने हात थांबवला नाही. पेपर बदलले, पाणी बदललं, अंगणात चिखल झाला. दुपार कलता कलता पांढरेपणा विरायला लागला. मग मऊ फडक्याला नागाप्पाने दिलेला रबिंगचा मलम लावून दोघं गोल गोल हात फिरवत राहिले. आणि वाळलेल्या दिव्यातून, होय, पुरत्या वाळलेल्या दिव्यातून, आतली चकचकीत वाटी दिसली. बाबासोने उठून दोन्ही दिवे लांबून पाहिले. डावा जास्त नितळ होता. तो म्हणाला, "तुला पेपर चांगला मिळालाय." मीनाबाई पाट उचलून आत गेली.

दिवे परत धुरकट होऊ नयेत म्हणून वरून क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी लॅकरचा हात मारायचा होता. तो नागाप्पाने उद्यमनगरात मारून दिला. मारण्याआधी त्याने डाव्या दिव्यापुढे बसून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कुणी केला?"

"आमच्या मालकिणीनं."

"त्यास्नी हितं कामाला लावून द्या की अण्णा."

हे वाक्य बाबासोने घरी पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

दीप्ती शुक्रवारी रात्री आली. सगळं ऐकून घेतलं, दिवे बघितले, पण किल्लीचा विषय काढला नाही. "पहाटे मी शेजारी बसणार," एवढंच म्हणाली. गुंडूने किल्ली मामाच्या हातात दिली आणि गोधडी डोक्यावर ओढून झोपला. त्याची त्या वळणांची हौस पुरती फिटली होती.

पहाटे गाडी निघाली. धुकं होतंच, पण उजेड आता त्याला खाली दाबून रस्त्यावरून पुढे पळत होता. बाबासो ताठ बसला होता. त्याचं नाक काचेपासून हातभर लांब होतं. दीप्ती रस्त्याकडे कमी आणि बापाकडे जास्त बघत होती. खिंड चढून गाडी पाण्याच्या कडेने निघाली, आणि मोरी यायच्या कितीतरी आधी बाबासोने बोट दाखवलं.

"तो निळा पट्टा दिसला? कठड्यावर? माजी सही हाय ती."

दीप्तीने वाकून पाहिलं. तिला तो त्याच्यानंतर दिसला. तिने सीटची कड घट्ट धरून ठेवली होती, ती सोडून दिली.

शेवटचं वळण घेऊन गाडी जांभळाच्या झाडाकडे उतरली. गेलं वर्षभर या जागी बायका कुडकुडत उभ्या असायच्या, त्यामुळे बोलणी खायची तयारी करूनच बाबासोने ब्रेक दाबला. पण बायका नुकत्याच येत होत्या. दोघी-तिघी झाडाखाली कॅन टेकवत होत्या, एक अजून उतारावर होती, आणि सगळ्यांच्या पुढे शालूबाई चालत येत होती. तिच्या अंगाला चुलीची ऊब अजून होती.

"आज खिंडीत दिवा लागला बघ," ती म्हणाली. "लांबनं लख्ख. म्हटलं बाबासो आला, आन् बायकास्नी हाक दिली."

बाबासो गाडी बंद करून खाली उतरला. मग तो म्हणाला, "मावशी, डोळं दावून आलीस जणू."

"माज्या डोळ्यांस्नी काय धाड भरलीया? ते हुते तसंच हायती." शालूबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुजंच कायतरी बिघडलं हुतं."

"व्हय," बाबासो म्हणाला. "लय घासलंतं."

शालूबाईला काही समजलं नाही. दीप्ती खाली उतरली, पहिला कॅन तिनेच उचलून गाडीत ठेवला. मग बाबासोकडे वळून म्हणाली, "पप्पा, उद्या रविवार. मी जायच्या आधी राखेचा डबा लपवून ठेवणार आहे."